बाबांना घेऊन नॅशव्हिलला जाऊन राहिलो, काय पाहावं अन् काय सोडावं?

अजनीकर स्नेहा:

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन भावाकडे अटलांटाला जाऊन राहिलो आणि तिथून गाडीने नॅशव्हिल करायचं नक्की झालंय. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी निघायचं. नॅशव्हिल, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांचं गाव, फक्त बाबांसाठी. बाबा रेल्वेत गार्ड होते, आम्ही नागपुरात अजनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि त्यांचे जे अँग्लो इंडियन ड्रायव्हर मित्र होते त्यांच्या घरी नाताळात रेकॉर्ड प्लेयर लागायचा अन् त्यावर जिम रीव्ह्ज हा जुना अमेरिकन कंट्री गायक लागणार म्हणजे लागणारच. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, पण त्या माणसाची गाणी तोंडपाठ. माउथ ऑर्गनही त्यांना त्याच मित्रांनी शिकवला, अजून रोज संध्याकाळी वाजवतात.

अडचण अशी की यूट्यूबवर नॅशव्हिल टाकलं की सगळे व्हिडिओ एकाच रस्त्याचे. निऑनचे बोर्ड, तीनतीन मजली बार, गुलाबी टोप्या घालून ओरडणाऱ्या मुलींनी भरलेल्या गाड्या. बाबांनी दोनचार व्हिडिओ पाहिले आणि म्हणाले, बेटा, हे पाहायला एवढ्या दूर काऊन जायचं. मला वाईट वाटलं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असेल तर हेच एक गाव.

तर ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा, तिथे खरं गाणं ऐकायला नेमकं कुठे जायचं? ग्रँड ओल ऑप्री म्हणून तिथला जो जुना गाण्याचा कार्यक्रम आहे त्याची तिकिटं आधी काढायची का? जिम रीव्ह्जचं काही पाहायला मिळेल का? बाबांचे गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी हवं, दारू घरात कोणी घेत नाही, आई शाकाहारी आहे आणि तिला इंग्रजी गाण्यातलं फारसं कळत नाही पण सूर कळतो.

टेनेसीतली वैदर्भी:

स्नेहा, आधी बाबांना सांग की ते व्हिडिओ म्हणजे नॅशव्हिल नाही. मी मूळची वर्ध्याची, इकडे नॅशव्हिलच्या बाजूलाच राहते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन हेच फिरते म्हणून थोडं लांब लिहून राहिली.

ऑप्रीची तिकिटं आत्ताच काढ. शुक्रवार किंवा शनिवार, शक्यतो शनिवार, कारण मुळात तो शनिवार रात्रीचाच कार्यक्रम. १९२५ च्या नोव्हेंबरात डब्ल्यूएसएम नावाच्या रेडिओ स्टेशनवर एका म्हाताऱ्या फिडलवाल्याला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) बसवून सुरू केलेला, ७७ वर्षांचे होते ते, अंकल जिमी थॉम्पसन. ते स्टेशन एका विमा कंपनीचं होतं, लोकांनी गाणी ऐकावी आणि विमा काढावा एवढा साधा हिशोब. रात्री त्या स्टेशनचा आवाज अर्ध्या अमेरिकेत पोचायचा, म्हणून डोंगरातल्या, शेतातल्या, कोळसा खाणीतल्या लोकांचं गाणं, म्हणजेच कंट्री, कधी नाही ते देशभर गेलं आणि ते गाणारे सगळे एकेक करून या गावात येऊन राहिले. नॅशव्हिलचं जे काय झालं ते त्या रेडिओमुळे झालं. आणि तो कार्यक्रम आजही रेडिओवर लाइव्ह जातो! तू समोर बसलेली असतेस आणि निवेदक बाजूला उभा राहून जाहिराती वाचतो, एक कलाकार दोनतीन गाणी म्हणतो, उतरतो, दुसरा येतो. ऐंशीच्या घरातला कोणी जुना गायक आणि त्याच्या नातवाच्या वयाचा पोरगा एकाच रात्री. साधारण दोन तास चालतं. तुझ्या आईला हे आवडेल, कारण कुठलंच काही रेंगाळत नाही आणि फिडल, बँजो, स्टील गिटार सगळं समोर दिसतं.

हॉल मात्र गावात नाही, गाडीने पंधरावीस मिनिटं लांब आहे. १९७४ मध्ये ऑप्री तिकडे हलली. स्टेजच्या मधोमध एक गोल लाकडी तुकडा बसवलाय, वेगळ्या रंगाचा, साधारण सहा फुटांचा, तो जुन्या हॉलच्या स्टेजमधून कापून आणलेला आहे. गाणारा त्यावरच उभा राहतो. २०१० च्या पुरात कंबरलँड नदीचं पाणी हॉलमध्ये शिरलं, स्टेज पाण्याखाली गेलं, पण तो तुकडा वाचला आणि दुरुस्त करून पुन्हा तिथेच बसवला. शोच्या आधी किंवा नंतर बॅकस्टेज टूर असते, त्यात तिथवर जाता येतं, बाबांसाठी तीही घे.

आणि तो जुना हॉल म्हणजे रायमन, तो गावात भर मध्ये आहे. १८९२ मध्ये एका बोटीच्या मालकाने प्रवचनासाठी बांधलेली इमारत, म्हणून आत खुर्च्या नाहीत, चर्चचे लांब बाक आहेत आणि रंगीत काचांच्या खिडक्या. ऑप्री तिथे १९४३ ते १९७४ होती. जिम रीव्ह्ज १९५५ मध्ये ऑप्रीचे मेंबर झाले, म्हणजे ते याच स्टेजवर गायलेत. दिवसा तिकीट काढून आत जाता येतं. बाबांना त्या बाकावर निवांत बसू दे, मागे घाई लावू नको.

ब्रॉडवेबद्दल, म्हणजे तो व्हिडिओतला रस्ता, माझं मत असं की रात्री अजिबात नको पण अकरा बारा वाजता जरूर. बार सकाळीच उघडतात आणि पहिल्या तासापासून बँड असतो. दुपारी समोर दहापंधरा माणसं असतात आणि स्टेजवर जे वाजवतात ते तितकेच तयारीचे असतात. रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये जा, तिथे अजून जुन्या धर्तीचं कंट्री वाजतं. नुसतं कोक घेऊन बसलं तरी कोणी काही म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे नाहीत, पण गाणाऱ्यांचं पोट टिपवर चालतं, मध्ये बादली किंवा बरणी फिरते, त्यात नोटा टाकायच्याच. सुटे डॉलर सोबत ठेव.

अजून एक, अटलांटा आणि नॅशव्हिलच्या वेळेत एक तासाचा फरक आहे, नॅशव्हिल मागे. चार तासांचा रस्ता आहे, जाताना तास मिळतो, येताना जातो. रविवारचा बेत त्या हिशोबाने कर.

गिटार रामदासपेठ:

वैदर्भी ताईंनी ऑप्रीचं छान सांगितलं. मी संगीताच्या बाजूने भर घालतो कारण काका माउथ ऑर्गन वाजवतात हे वाचून मला फार आनंद झाला.

काकांना डिफोर्ड बेलीबद्दल माहीत नसेल तर आत्ताच सांगा. ऑप्रीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला सगळ्यात लाडका कलाकार, माउथ ऑर्गन वाजवणारा, कृष्णवर्णीय, लहानपणच्या पोलिओमुळे उंचीने लहान राहिलेला. तो माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवायचा! स्टेशनातून हळूहळू सुटणारं इंजिन, मग वेग, मग शिटी, मग पुलावरून जाताना बदलणारा आवाज. १९२७ च्या डिसेंबरात एका रात्री त्याने ती गाडी वाजवली आणि त्याच्यानंतर लगेच निवेदक जॉर्ज हे यांनी कार्यक्रमाला ग्रँड ओल ऑप्री म्हटलं, ते नाव आजपर्यंत आहे. म्हणजे नामकरण झालं ते एका माउथ ऑर्गनवाल्याच्या आगगाडीवरून. रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला अजून काय पाहिजे. यूट्यूबवर मूळ रेकॉर्डिंग आहे, जायच्या आधी ऐकवा, त्यांना त्यातलं तंत्र लगेच कळेल.

पण त्याच माणसाला १९४१ मध्ये ऑप्रीने काढून टाकलं. दौऱ्यावर असताना गोऱ्या कलाकारांसोबत तो गाडीत असायचा, स्टेजवर टाळ्या घ्यायचा, आणि हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही, जेवायला बसू द्यायचे नाहीत. नंतर त्याने नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचं दुकान चालवून घर चालवलं. १९८२ मध्ये वारला. २००५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मोठ्या कलाकारांचा मान करणाऱ्या तिथल्या म्युझियममध्ये, त्याचं नाव लागलं, त्याला पाहायला मिळालं नाही. मला ही गोष्ट आठवली की राग येतो. तिथे जो पितळी पाट्यांचा गोल हॉल आहे त्यात डिफोर्ड बेलीची पाटी शोधा, जिम रीव्ह्जचीही तिथेच आहे, त्यांची १९६७ मध्ये लागली.

हॉल ऑफ फेमच्या म्युझियमला अर्धा दिवस द्या. मेबेल कार्टर यांची १९२८ सालची गिब्सन गिटार तिथे आहे, अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बाकी बोटांनी ठेका ही जी पद्धत आज जगभर शिकवतात ती त्यांनी लोकप्रिय केली. मी या गिटारसमोर इतका वेळ उभा होतो की सोबतचे लोक पुढे निघून गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरसीए स्टुडिओ बी. तिकीट म्युझियममध्येच मिळतं, तिथूनच बस नेते, थेट जाता येत नाही, आणि जागा मोजक्या असतात म्हणून ऑनलाइन आधी घ्या. १९५७ मध्ये बांधलेला साधा स्टुडिओ. जिम रीव्ह्जचं हील हॅव टू गो हे गाणं १९५९ मध्ये याच खोलीत रेकॉर्ड झालं, चेट अॅटकिन्स यांनी करून घेतलं. काकांनी जो आवाज अजनीत ऐकला, मायकच्या अगदी जवळ येऊन, हळू, जाडसर, तो या खोलीत बनलाय. जमिनीवर टेपने एक फुली केलेली आहे, गाणाऱ्याने कुठे उभं राहिलं की आवाज सगळ्यात चांगला येतो त्याची खूण. काकांना त्या फुलीवर उभं करा. गाइडला आधी सांगितलं की काका कुठून आणि कशासाठी आले, तर ते लोक मनापासून वेळ देतात.

एक गंमत काकांना सांगा. नॅशव्हिलचे स्टुडिओवाले नोटेशन वाचत नाहीत, कागदावर नुसते आकडे लिहितात, १, ४, ५, १ असे कॉर्डचे. गायकाचा गळा बसला आणि पट्टी खाली घ्यायची झाली तर कागद बदलावा लागत नाही, आपला पेटीवाला सा हलवून तेच गाणं वाजवतो तसंच. पन्नाशीच्या दशकात कोरसमध्ये गाणाऱ्या नील मॅथ्यूज यांनी हे सुरू केलं आणि पुढे चार्ली मकॉय यांनी ते सगळ्या स्टुडिओंत रुळवलं. आणि चार्ली मकॉय कोण? माउथ ऑर्गनवाले. त्यांचीही पाटी त्या गोल हॉलमध्ये आहे.

इतवारीकर:

एक प्रश्न, राग मानू नका. बाबांचे गुडघे दुखतात, आईला भाषा कळत नाही, मग अटलांटात आरामात राहून टीव्हीवर ऑप्री पाहिली तर काय बिघडलं? एवढा खर्च, एवढी धावपळ. मी स्वतः कंट्री कधी ऐकलं नाही, मला सगळी गाणी एकसारखी वाटतात.

गिटार रामदासपेठ:

इतवारीकर भाऊ, राग कशाचा. एकसारखी वाटतात कारण आपण रेडिओवरची नवीन चकचकीत ऐकतो. तुम्ही कधी गावात स्टेशन इनला ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीचाच एक प्रकार, ऐका, छोटी दगडी बैठी इमारत, आजूबाजूला आता सगळे उंच टॉवर झाले, १९७४ पासून चालू आहे. ड्रम नाही, पाच माणसं, बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, उभा बास. एकाची पाळी आली की बाकीचे आवाज खाली घेतात आणि तो पुढे येतो, मग मागे सरकतो, दुसरा येतो. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला भाषा कळायची गरज पडत नाही. आणि घरात टीव्हीवर आवाज येतो, माणसं येत नाहीत ना.

स्नेहा, रविवारी रात्री तिथे जॅम असते, लोक आपापली वाद्यं घेऊन येतात. तुम्ही दुपारी निघून राहिले, एक रात्र वाढवता आली तर पाहा.

हिस्लॉपवाला:

हा धागा सकाळपासून वाचून राहिलो आणि आता राहवत नाही. नागपूरचं कुटुंब नॅशव्हिलला जाऊन राहिलं आणि जेम्स लॉसन यांचं नाव कोणीच घेतलं नाही. मी हिस्लॉप कॉलेजचा जुना विद्यार्थी, त्यामुळे हे सांगणं मला माझं काम वाटतं.

जेम्स लॉसन अमेरिकेतले कृष्णवर्णीय मेथडिस्ट तरुण. कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले आणि सुटल्यावर १९५३ मध्ये आपल्या नागपुरात आले, मिशनतर्फे, सिव्हिल लाइन्सच्या हिस्लॉप कॉलेजात. तीन वर्षं होते. मुलांना शिकवायचे, खेळाचे कोच होते, आणि गांधीजींचा सत्याग्रह काय होता, तो कसा उभा केला जातो, हे इथल्या लोकांना भेटून समजून घ्यायचे. १९५५ च्या डिसेंबरात इथल्याच एका इंग्रजी पेपरात त्यांनी वाचलं की अलाबामात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय. परत गेल्यावर मार्टिन लूथर किंग त्यांना भेटले आणि म्हणाले थांबू नका, दक्षिणेत या. १९५८ मध्ये लॉसन कुठे गेले? नॅशव्हिलला.

तिथे क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये ते कॉलेजच्या पोरांचे वर्ग घ्यायचे. वर्ग म्हणजे व्याख्यान नाही. एकाने खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही, मान खाली घालायची नाही, उठून जायचं नाही. महिनोन् महिने ही तालीम चालली. मग १९६० च्या १३ फेब्रुवारीला सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी गावातल्या दुकानांमध्ये शिरले, किरकोळ सामान घेतलं आणि फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर शांतपणे जाऊन बसले. पुढे मार खाल्ला, जेलमध्ये गेले, त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौराला भर लोकांत विचारलं की नुसत्या रंगावरून असा भेदभाव करणं तुम्हाला योग्य वाटतं का, आणि तो नाही म्हणाला. १० मेला काउंटर उघडले. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने तिथे शिकत असलेल्या लॉसन यांना या लढ्यामुळे काढून टाकलं होतं, खूप वर्षांनी त्यांनाच सन्मानाने शिकवायला बोलावलं. ते २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी गेले.

आता हे गाण्याच्या धाग्यात काऊन लिहून राहिलो ते सांगतो. तो १३ फेब्रुवारी शनिवार होता. ज्या वुलवर्थ दुकानात मुलं बसली ते रायमनच्याच रस्त्यावर, थोडं पुढे. म्हणजे दुपारी ही पोरं तिथे बसली आणि त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यावर ऑप्री भरली. गिटार रामदासपेठ यांनी डिफोर्ड बेलीचं जे सांगितलं, की टाळ्या मिळायच्या आणि जेवायला बसू द्यायचे नाहीत, ते जेवणाचं काउंटर हेच. गाणं वेगळं आणि ही लढाई वेगळी असं मला त्या गावात कधी करताच आलं नाही.

त्या रस्त्याला आता जॉन लुईस यांचं नाव आहे, लॉसन यांच्या वर्गातला पोरगा, जो पुढे अटलांटाचा खासदार झाला. स्नेहा, तुमच्या भावाला विचारा, तिथे त्यांना सगळे ओळखतात. आणि योग पाहा, दक्षिणेकडून चालायला लागलं तर आधी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, मग ब्रॉडवे ओलांडला की कोपऱ्यावर २०२१ मध्ये उघडलेलं आफ्रिकन अमेरिकन संगीताचं म्युझियम, समोर रायमन, आणि पुढे वुलवर्थची इमारत. सगळं मिळून एक किलोमीटरही नाही. इमारत बाहेरून पाहा. तिथून चर्च स्ट्रीटवर मोठी सरकारी लायब्ररी आहे, वरच्या मजल्यावर सिव्हिल राइट्स रूम, फुकट. त्या खोलीत काउंटरसारखं गोल टेबल केलंय, समोर स्टूल आहेत, आणि त्या टेबलावर मुलांनी स्वतःसाठी लिहिलेले नियम कोरलेत. उलट मारायचं नाही, काउंटरकडे तोंड करून सरळ बसायचं, असं एकेक. त्यात महात्मा गांधींचं नाव आहे. ते नाव त्या टेबलापर्यंत ज्या वाटेने पोचलं त्यातली तीन वर्षं आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये गेलीत. आईला तिथे बसवा आणि हे मराठीत सांगा, आईची भाषेची अडचण तिथे राहणार नाही.

आफ्रिकन अमेरिकन म्युझियमही सोडू नका. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वाद्य, हे ध्यानात ठेवून ऑप्रीत बसलं की वेगळंच ऐकू येतं. आणि वेळ असेल तर फिस्क युनिव्हर्सिटीवरून गाडी न्या, तिथल्या जुबिली सिंगर्सनी, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गाणाऱ्या पथकाने, १८७१ पासून गावोगाव गाऊन कॉलेजसाठी पैसे उभे केले, त्या पैशातून उभी राहिलेली जुबिली हॉल अजून आहे. नॅशव्हिलमधून गाणं जगात गेलं ते रेडिओच्या पन्नास वर्षं आधी, या मुलांच्या गळ्यातून.

अजनीकर स्नेहा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना बसवून हा पूर्ण धागा वाचून दाखवला. डिफोर्ड बेलीची गाडी त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला लावली, शिटी कशी काढतो ते ओढून की फुंकून याच्यावर अजून त्यांचं चालू आहे. लॉसन यांचं वाचल्यावर बाबा म्हणाले की त्यांच्या एका साहेबांच्या तोंडून हिस्लॉपमधल्या अमेरिकन कोचबद्दल ऐकलं होतं पण पुढचं काही माहीत नव्हतं. आता जायचंच असं त्यांनीच ठरवलं.

शनिवारची ऑप्री आणि बॅकस्टेज टूर दोन्ही काढलं. स्टुडिओ बी शुक्रवारी सकाळचं मिळालं. आता तीन गोष्टी सांगा, आईच्या जेवणाचं काय, ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक नाव ऐकलं ते जमण्यासारखं आहे का, आणि बाबांनी स्वतःचा माउथ ऑर्गन न्यावा का?

टेनेसीतली वैदर्भी:

वा, फार बरं वाटलं.

जेवणाचं आधी. इकडे मीट अँड थ्री म्हणून जेवणाची पद्धत आहे, एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, पाहिजे तर नुसत्या भाज्यांचं ताट मिळतं. पण हिरव्या शेंगा आणि पालेभाज्या हमखास डुकराच्या मांसासोबत शिजवलेल्या असतात, दिसत नाही, म्हणून प्रत्येक भाजीचं विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. मॅकरोनी चीज, मक्याचा ब्रेड, रताळं हे बहुतेक चालतं. गावात भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. आणि बेलव्ह्यू भागात श्री गणेश मंदिर आहे, १९८५ पासूनचं, मोठं, दाक्षिणात्य पद्धतीचं, रविवारी निघायच्या आधी आईला घेऊन जा. त्याच बेलव्ह्यूमध्ये २०२३ पासून जेम्स लॉसन यांच्या नावाचं सरकारी हायस्कूल आहे, हिस्लॉपवाल्यांनी लिहिलं म्हणून सांगितलं. तुझा भाऊ चिकन खात असेल तर प्रिन्सेसचं हॉट चिकन खाऊ दे, पण सावजीच्या भरवशावर एकदम वरचं तिखट मागू नको म्हणा त्याला.

ब्लूबर्ड जमलं तर सोनं. गावाबाहेर ग्रीन हिल्समध्ये दुकानांच्या रांगेत एक छोटीशी जागा, नव्वदच्या आसपास माणसं मावतात, १९८२ पासून आहे. चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने आपण लिहिलेलं गाणं म्हणतात, कसं सुचलं तेही सांगतात. मोठ्या गायकांची गाजलेली गाणी ज्यांनी लिहिली ती माणसं चारपाच फुटांवर असतात. गाणं चालू असताना बोललेलं चालत नाही, सगळे गप्प ऐकतात, बाबांना हे फार आवडेल. जागा काही दिवस आधी ऑनलाइन उघडतात आणि पाहता पाहता संपतात, म्हणून तारखेवर डोळा ठेवून लॉगिन करून बस. नाही मिळालं तर स्टेशन इन आहेच, त्याने काही कमी होत नाही.

चालण्याचं असं की मधला भाग चढाउताराचा आहे. हॉल ऑफ फेम ते रायमन बाबा हळूहळू चालतील, लायब्ररीकडे चढ आहे, तिथे गाडी घ्या. लायब्ररी उघडी आहे का ते आधी वेबसाइटवर पाहून घ्या. ब्रॉडवेवर जुनं युनियन स्टेशन आहे, १९०० सालचं दगडी, टॉवरवालं, आता हॉटेल झालंय पण लॉबीत जाऊन वरची रंगीत काच पाहता येते. नॅशव्हिलला बाहेरगावची पॅसेंजर गाडी १९७९ पासून येत नाही, मालगाड्या मात्र बाजूलाच चालू असतात, बाबांना तिथे वेळ द्या.

गिटार रामदासपेठ:

माउथ ऑर्गन न्याच. फक्त एक पाहा, काकांकडे आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांना वापरतात तो क्रोमॅटिक किंवा दुहेरी भोकांचा असेल. तिकडे कंट्रीत दहा भोकांचा छोटा वापरतात आणि प्रत्येक पट्टीला वेगळा. गंमत अशी की सी चा हार्मोनिका घेऊन जी मध्ये वाजवतात, ओढण्याच्या सुरांवर जोर येतो म्हणून, आणि डिफोर्डच्या शिटीचं उत्तर काकांना तिथेच सापडेल. एक सी आणि एक ए चा घ्या, सीताबर्डीत नाही मिळाला तर ऑनलाइन मिळतो, आणि महिनाभर आधी घ्या म्हणजे हात बसेल. विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि रविवारची रात्र वाढवता येते का ते भावाला एकदा विचाराच. जॅमला काका मागच्या खुर्चीवर बसून हळू आवाजात सोबत करू शकतात, आधी दोनतीन गाणी ऐकायची, पट्टी कळली की सुरू करायचं, सोलोसाठी कोणी मानेने खूण केली तर वाजवायचं, नाही केली तर साथ चालू ठेवायची.

अजनीकर स्नेहा:

भावाने सोमवारची सुट्टी टाकली.